आकड्याची एकच जागा

मेघाने बनवलेलं ठिबकचं मशीन जळगावच्या वर्कशॉपमध्ये तीन महिने एकदाही अडलं नव्हतं. पिंपळनेरला छगन आबांच्या मिरचीत मात्र तिसऱ्याच दिवशी त्याने दगा दिला. पडद्यावरचा पाण्याच्या दाबाचा आकडा थिजला, व्हॉल्व्ह उघडलेच नाहीत आणि एप्रिलच्या उन्हात रोपांनी माना टाकल्या.

आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. बायकोला, सुंदरबाईंना, व्हॉल्व्ह फिरवत शेतभर पळावं लागू नये म्हणून तर त्यांनी हे मशीन बसवलं होतं. आता त्याच सुंदरबाई धापा टाकत बांधावरून येत होत्या. मेघाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरी, आखो एकदाव बंद पडनं तर लई जाय हाई," मशीन परत न्यायला सांगत आबा म्हणाले.

मेघाने वायरी पाहिल्या, बॅटरी पाहिली. सगळं ठणठणीत! ती कपाळाला हात लावून बसली.

"आठे तर बॅटरीवर रातदिन चालू शे. तुमना जळगावले लाईट जास का?" आबांनी सहज विचारलं.

"रोज जाते, आबा. दिवसातून दोनदा तरी..." मेघाचं वाक्य अर्धवटच राहिलं.

लाईट गेली की वर्कशॉपमधलं मशीन बंद पडायचं आणि आली की कोऱ्या मेमरीने सुरू व्हायचं. इथे तिनेच शहाणपणा करून बॅटरी जोडली, मशीन अखंड जागं राहिलं आणि रोग उघडा पडला. दर सेकंदाला दाबाचा आकडा अक्षरांत मांडताना तिचा प्रोग्राम मेमरीत नवी जागा मागत होता. जुनी जागा सुटायची, पण तुकड्यातुकड्यांनी. शेवटी सलग जागाच उरली नाही आणि मशीन थिजलं. ज्या विजेला ती रोज शिव्या घालायची, तीच तिची चूक झाकत होती!

शेडमध्येच लॅपटॉप उघडून तिने आठ अक्षरांची एकच जागा कायमची राखून ठेवली. आकडा कुठलाही येवो, तिथेच जुन्यावर नवा लिहायचा. काम एवढंसं, पण तिने ते तीनदा तपासलं.

जळगावला परतल्यावर तिसरा दिवस गेला, चौथाही. मेघाच्या घशाखाली घास उतरेना. आठव्या दिवशी सकाळी सुंदरबाईंचा फोन आला.

"पाणी चालू शे, बाई. मी उठनी बी नही. चहा पी ऱ्हायनी."

मेघा आधी हसली, मग चक्क रडली. तेवढ्यात गल्लीतली लाईट गेली. वर्कशॉपच्या टेबलावरच्या मशीनलाही तिने आता बॅटरी जोडली होती. त्यावरचा आकडा बदलतच राहिला.

"गेली तर जाऊ दे," ती म्हणाली, आणि डबा उघडून तिने ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी पोटभर खाल्ली.