नव्या क्लचची वरात

आमच्या फियाटची किल्ली माझ्या नवऱ्याच्या जानव्याला असायची. कॉलेजात गणित शिकवणारा माणूस, देवधर्म बेताचाच, पण गाडीचं सोवळं कडक. बाहेर निघायचं झालं की सदरा वर करून किल्ली सोडवायची, परत आलं की अडकवायची. मी पेठ वडगावच्या डॉक्टरांची मुलगी. लग्नाआधी वडिलांची जीप उसाच्या गाड्यांमधून काढत हिंडलेली. लायसन्ससुद्धा होतं, पण ते लग्नापासून कपाटात साड्यांखाली पडून होतं. मला एकदा ती फियाट चालवायची होती, बाकी काही मागणं नव्हतं. विचारलं की यांचं उत्तर ठरलेलं, "बायकांचा पाय क्लचवरून निघत नाही, प्रमोदिनी. प्लेट जळते."

आणि एके दिवशी कागलहून येताना प्लेट जळली. इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. पाय कुणाचा होता, हे मी तिथेच भर रस्त्यात विचारलं.

"चढ होता," हे म्हणाले.

गॅरेजवाल्याचा हात गाडीला लागू द्यायचा नाही, हेही त्या सोवळ्यातच बसायचं. क्लच घरीच बदलायचा ठरला. शेजारच्या तालमीचे वस्ताद केरबा चार पैलवान घेऊन आले आणि गाडीचं तोंड उचलून त्यांनी लाकडी ओंडक्यांवर ठेवलं. गाडीदुरुस्तीचं पुस्तक छातीवर ठेवून हे गाडीखाली शिरले. गिअरबॉक्स सुटायची वेळ आली तेव्हा एक पैलवान शेजारी आडवा झाला आणि तो त्यानं पोटावर घेतला. "हलकाच हाय की," म्हणाला. जुनी प्लेट बाहेर आली. तिच्यावर अस्तर म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

"मालच खराब," हे म्हणाले.

"पाय खराब," मी म्हणाले. पैलवान हसले, म्हणून हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

बोलले ते संध्याकाळी, गरज पडली तेव्हा. नवी प्लेट अगदी मधोमध बसली नाही तर गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. ती मधोमध धरायला एक निमुळतं दांडकं लागतं, आणि ते आमच्याकडे नव्हतं. हे हातपाय न धुता स्वयंपाकघरात आले आणि माझं लाटणं घेऊन गेले. बसलं की हो बरोबर! त्या रात्री आम्ही नुसता भात जेवलो. लाटणं परत आलं ते काळंकुट्ट होऊन, आणि वर "धुऊन घे, चांगलंय" असा सल्ला.

गाडी चालू झाली तेव्हा यांना इतका आनंद झाला की केरबांचा हात धरून म्हणाले, "वस्ताद, काय पाहिजे ते मागा."

"काय नगं सर. शालनचं लगीन हाय आमच्या. वरातीला गाडी तेवढी द्या, आन् तुमीच चालवा."

"दिली!"

मग रात्री यांनी पुस्तकाचं पुढचं पान वाचलं. नवा क्लच सुरुवातीचे चार-पाचशे किलोमीटर जपायचा. अर्धा दाबून गाडी रांगवत न्यायची नाही. आता वरातीत गाडी दुसरं काय करते? पुढे हलगी, हलगीपुढे नाचणारे, आणि मागे गाडी इंच इंच.

"नाही म्हणून सांगू का?" यांनी विचारलं.

"सांगा. गिअरबॉक्स पोटावर घेणारा तिथेच उभा असेल."

म्हणून सराव सुरू झाला. रोज सकाळी रंकाळ्यापर्यंत. डावा पाय पेडलवर जाऊ नये म्हणून हे तो मांडीखाली दुमडून बसायचे. गिअर बदलायला पाय बाहेर काढेपर्यंत गाडी बंद पडायची. धारेला निघालेले म्हैसवाले उभे राहून बघायचे. मी शेजारी बसून गप्प राहायचे, आणि गप्प राहणं मला कधीच सोसलेलं नाही.

लग्न लागलं. संध्याकाळी शिवाजी पेठेतून वरात निघाली, मंगळवार पेठेत नवरदेवाच्या घरी जायची. मागे शालन आणि नवरदेव, पुढे हे आणि मी. हलगी कडाडली, पैलवान नाचायला लागले आणि यांचा डावा पाय आपल्या जागेवर गेला. पहिल्या चौकातच वास आला.

"काकू, कायतरी जळतंय," शालन शालू चाचपायला लागली.

केरबा खिडकीशी आले. हसत होते, पण आवाज पडलेला. "सर, गाडी बंद नगा पाडू. पावणं आत्ताच कुजबुजाय लागल्यात. पोरीच्या पायगुणाला बोल लागंल."

मी शालनकडे पाहिलं. हळदीच्या हातांनी तिनं माझी सीट घट्ट धरली होती. मला यांचा भयंकर राग आला.

"उतरा," मी म्हणाले.

"अगं, लोकांत?"

"लोकांतच."

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मागे शालनकडे, आणि खरंच उतरले. हलगी थांबली. सगळी पेठ बघत असताना आम्ही जागा बदलल्या. मी पदर खोचला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि पाय पेडलपासून दूर मॅटवर ठेवला. गाडी आपल्या चालीनं निघाली. फक्त ती चाल वरातीची नव्हती, भाजीला उशीर झालेल्या बाईची होती.

"वैनी, जरा दमानं!" केरबा ओरडले.

"दमानं नेली की जळते! तुम्ही पळा!"

"पळा रं!" केरबांनी हाळी दिली. पैलवानांना पळायची सवयच होती. हलगीवाला उलटा पळत वाजवत होता, फेटे सुटत होते, नवरदेवाचे चुलते धोतर धरून "थांबवा, थांबवा" करत मागे राहिले. मंगळवार पेठेत पोचलो तेव्हा शालनच्या सासूचे हात पिठात होते आणि ओवाळायचं ताट अजून घासायचं होतं. शालन पोट धरून हसत उतरली. सासरी हसत उतरणारी नवरी मी पहिल्यांदाच पाहिली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"धाकटीच्या वरातीला बी तुमीच, वैनी," केरबा धापा टाकत म्हणाले. "पर आदी सांगा, आमी वारम-अप करून येतो."

मी गाडी बंद करून किल्ली काढली. यांचा हात आपोआप सदऱ्याखाली गेला, जानवं बाहेर आलं. दुसरा हात किल्लीसाठी खिडकीतून आत आला. मी किल्ली पदराच्या टोकाला बांधली. यांनी जानवं आत टाकलं, घसा खाकरला आणि जाऊन डावीकडच्या सीटवर बसले.

तेव्हापासून यांना कॉलेजात मीच सोडते. क्लच तोच आहे, अजून नव्यासारखा. यांच्या डाव्या पायाखाली मॅटला मात्र भोक पडलंय.