केहिंदेची जागा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मला दोन भिंगं आहेत, एकावर एक. वरच्यातून फोटो काढणारा बघतो, खालच्यातून फोटो उतरतो. माझा जन्म जर्मनीतला, पण गाव विचाराल तर मी नायजेरियातलं इबादानच सांगेन. मला समज आली ती इथे.

एका स्टुडिओत मी तिपाईवर उभा असे. लग्नं, बारशी, नव्या सायकलीला टेकून उभे राहिलेले नवरे, सगळं मी पाहिलं. पण माझं खरं नाव होतं ते जुळ्यांच्या फोटोसाठी. इथल्या योरुबा लोकांच्या घरांत जुळी पुष्कळ. त्यांतलं एक गेलं, की घरचे उरलेल्याला माझ्यासमोर आणत. माझं अर्धं भिंग काळ्या पुठ्ठ्याने झाकून मुलाला एका बाजूला बसवायचं आणि कळ दाबायची. मग पुठ्ठा सरकवून त्याच मुलाला गेलेल्या भावंडाच्या कपड्यांत दुसऱ्या बाजूला बसवायचं, आणि फिल्म पुढे न नेता पुन्हा कळ दाबायची. एका चौकटीत दोघंही येत. आया तो फोटो भिंतीवर लावत आणि जाता-येता त्याच्याशी बोलत.

पुढे रंगीत फोटोंची दुकानं आली आणि आमचा स्टुडिओ बंद पडला. मी अडकायला लागलो, तेव्हा कुणीतरी मायेने माझ्यात पामतेल सोडलं. त्याने भिंगामागची माझी उघडझाप करणारी पाती एकमेकांना चिकटली. मी भंगार बाजारात इस्त्र्यांच्या ढिगात जाऊन पडलो.

तिथे मला तायवोने हातात घेतलं. ती शाळेत शिकवायची. चालणारा कॅमेरा हवाय, असं ती विकणाऱ्या बाईला म्हणाली.

"चालणारं हवं तर बकरी घे," बाई म्हणाली. "हा बसून काम करतो."

तायवो हसली नाही. तिची जुळी बहीण केहिंदे लेगॉसला तापाने गेली होती. दोघींचा मोठेपणी एकत्र काढलेला एकही फोटो नव्हता. आणि त्यांच्या आईचं हृदय आता थकलं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. तिला सगळे इया इबेजी म्हणत, म्हणजे जुळ्यांची आई. दोन्ही मुली एका फोटोत पाहायच्या, एवढंच तिचं मागणं होतं. तायवोने एका दुकानातून संगणकावर स्वतःचाच फोटो दोनदा जोडून आणला. आईने तो डोळ्यांजवळ धरला.

"ही तायवो. आणि हीसुद्धा तायवोच," ती म्हणाली. "बहिणीसाठी उठून जागा तरी बदललीस का गं?"

म्हणून मी हवा होतो.

तायवोने मला लामिदीबाबांकडे नेलं. एके काळी ते फोटो काढत, आता छत्रीखाली बसून घड्याळं दुरुस्त करत. त्यांनी माझं तोंड उघडून वास घेतला. "याला कोणी तळायला घेतला होता का?" म्हणाले. मग पेट्रोलमध्ये बुडवलेल्या काडीने त्यांनी माझं एकेक पातं पुसलं. तेल गेलं, पाती हलली. पण आतली स्प्रिंग गंजून केसासारखी झाली होती आणि तशी दुसरी कुठे मिळेना.

"पोरी, ही किती वेळा उडेल ते अल्लाला ठाऊक," ते म्हणाले. "मी चाचणीसुद्धा घेणार नाही. दोनदा उडाली तर आपलं काम झालं."

तायवो विचारत होती की आई आठवडा तरी काढेल का.  बाबांनी त्याच दुपारी सामान उचललं.

हरमॅटनची, म्हणजे वाळवंटी वाऱ्याची धूळ हवेत होती, ऊन दुधाळ झालं होतं. अंगणात चादर टांगली. इया इबेजीला माझ्या बाजूला उशा लावून खुर्चीत बसवलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. हाताच्या सवयीने फिल्म पुढे फिरेल, या भीतीने बाबांनी माझा दांडा दोऱ्याने बांधून टाकला.

तायवो आधी स्वतःच्या जागी, डावीकडे बसली. बाबांनी कळ दाबली. स्प्रिंग उडाली. बाबांचा हात सवयीप्रमाणे दांड्यावर गेला, दोऱ्याला अडखळून थांबला. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पुठ्ठा सरकवला.

तायवो आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. ऊन उतरत होतं. बाबा दाराकडे बघत होते, आई बघत नव्हती. शेवटी ती बहिणीचा निळा झगा घालून आली, उजवीकडच्या स्टुलावर बसली आणि खाली मान घालून तशीच राहिली. बाबांनी मान वर करायला सांगितलं. तिला जमेना.

"केहिंदे," आईने हाक मारली. "आलीस का गं?"

तायवोने मान वळवून आईकडे पाहिलं. तेवढ्यात बाबांनी कळ दाबली. माझी पाती उघडली, आणि मिटायला हवी तेव्हा मिटली नाहीत. मी जिवाच्या आकांताने ती ओढत होतो. मिटली, आणि आत काहीतरी तुटलं.

बाबांना तो आवाज कळला. पुन्हा घेता येणार नाही, एवढंच ते हळूच म्हणाले. तायवो त्या स्टुलावरून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी फोटो आणला, पण तो तायवोच्या हाती देईनात. डावीकडची तायवो स्वच्छ आली होती. उजवीकडचा चेहरा वळता वळता पुसट झाला होता. नुसती एक हालचाल आणि निळ्या झग्याची कड. तायवो म्हणाली, आईला दाखवू नका. पण आईने हात पुढे केला होता.

तिने फोटो पाहिला. कितीतरी वेळ पाहिला.

"हीच केहिंदे," ती म्हणाली. "हिला कधी एका जागी बसता आलंय?" मग पुसट चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "अगं, तायवोला जागा दे जरा. सगळा फोटो अडवून बसली आहेस."

तायवो तोंडावर हात धरून रडली, आणि रडता रडता हसली.

आठवडा सरायच्या आत इया इबेजी गेली. मी आता बंद आहे, तायवोच्या कपाटात. ती मला पुसते, तेल घालत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला असंच जपा; न कळता औषध देऊ नका. आणि आज घरात जेवढे आहात तेवढे सगळे एकदा शेजारी शेजारी बसा. कोणी हललं, तर हलू द्या.