सरांची सावड

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. तळेघरच्या ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, फावड्या-घमेल्यांच्या शेजारी, सध्या माझा मुक्काम आहे. पडदा पिवळा पडलाय आणि चालू व्हायला मला फार वेळ लागतो. पण हसू नका. याच पडद्यासमोर कधीकाळी फिजिक्सचा तास भरत असे.

माझं पहिलं ठिकाण मंचरच्या बाजारात, एका कांद्या-बटाट्याच्या आडतीवर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला तिथे आणलं, नारळ फोडला, कुंकू लावलं. कित्येक वर्षं मी गोण्यांचे हिशेब पोटात सांभाळले. कांद्याची फोलपटं नाकातोंडात जायची, पण मान मोठा होता. पुढे शेटजींनी नवा संगणक घेतला आणि मला माळ्यावर टाकलं. कामापुरता मामा, दुसरं काय.

तिथून मला मागून आणलं समाधान सरांनी. ते खालच्या गावातल्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवत. डोंगराकडची मुलं जुलैत वर्गातून गायब होत. ते दिवस भाताच्या आवणीचे. रोपं उपटायची आणि खाचरातल्या चिखलात लावायची, त्याला घरातला एकूण एक हात लागतो. मुलं परत येईपर्यंत वर्ग पुढे गेलेला असे, आणि मग बारावीला ती नेमकी फिजिक्समध्ये अडकत. सरांच्या जिवाला ते फार लागायचं. मला इथे बसवताना ते ग्रामपंचायतीच्या शिपायाला म्हणाले, "पोरं ढ नाहीत, गेणभाऊ. ती वर्गात नसतात, एवढंच."

सरांनी सुट्टीत बसून छोटे छोटे धडे आपल्या आवाजात भरले, आकृत्या काढल्या आणि इंटरनेटवर चढवले. टेलिफोनच्या तारेतून ते मी उतरवून घ्यायचे. रोज अकरा वाजता मुलांनी माझ्यासमोर धडा ऐकायचा, अडलेलं टाइप करायचं, आणि सरांनी कॉलेजातून तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. दोन हजार सातचा पावसाळा होता तो. गावाच्या कामाला आलेला मी पहिलाच संगणक, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

अकरा वाजले, पण कुणी आलं नाही. पडद्यावर सरांची अक्षरं उमटत होती, 'कोण कोण आलं आहे?' आणि समोर नुसत्या खुर्च्या. दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. मला भारी राग आला. शिकायचंच नाही तर कशाला एवढा खटाटोप, असं मी मनाशी म्हणत राहिलो.

शेवटी सर स्वतःच एसटीने आले आणि त्यांनी वृषालीला बोलावणं धाडलं. ही मुलगी मार्चमध्ये फिजिक्सला नापास झाली होती. ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटली तरच तिला नर्सिंगला जाता येणार होतं, नाहीतर शिक्षण तिथेच संपणार होतं. ती आली, पण गुडघाभर चिखलामुळे दारातच थांबली.

"अकराला का येत नाहीस गं?"

"अकराला आमी खाचरात आसतो, सर. सावड हाय."

"मग संध्याकाळी ये."

"संध्याकाळी लाइट नसती."

"आणि एक दिवस नाहीच गेलीस सावडीला तर?"

"मंग आमच्या खाचरात कोन येईल? आईचा गुडघा धरलाय. तिच्या वाटची मीच जाते."

मित्रांनो, सावड म्हणजे उसना दिवस. आज सगळ्यांनी मिळून तुमचं खाचर लावायचं, उद्या तुम्ही त्यांचं. जो दुसऱ्याकडे जात नाही, त्याच्या बांधावर कुणी फिरकत नाही. सरांनी सगळी योजना नीट आखली होती, फक्त अकरा वाजता गाव कुठे असतं ते विचारायचं राहिलं होतं.

सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"आज सावड कुणाकडे?"

"सावळेरामतात्यांकडं. ते काय, खिडकीसमोर."

"तुझ्या वाटचा मी जातो. तू बस."

"नाय सर, लोक काय म्हनतील?"

"म्हणू देत. धडा यात भरलेला आहे. माझं इथे काय अडलंय?"

वृषाली माझ्यासमोर बसली. माझ्यातून सरांचा आवाज विजेचा रोध समजावत होता, आणि खिडकीबाहेर तेच सर पावसात वाकून रोपं लावत होते. त्यांची रांग पार वाकडी गेली. "सर, रोप हाय ते, खडू नव्हं. हलक्या हातानं," सावळेरामतात्या म्हणाले, आणि सगळं खाचर हसलं. वृषालीला मात्र रडू आलं. डोळे पुसून तिने तो धडा पुन्हा लावला, आणि समजेपर्यंत लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात परतले होते आणि वृषाली नेहमीप्रमाणे सावडीला निघाली. सावळेरामतात्यांनी तिला माझ्या खिडकीखालीच अडवलं.

"सर काल माझ्या खाचरात राबले. त्यांचा दिवस मला फेडाया हवा. पर त्यांचं खाचर कुठंय? आज तुज्या वाटची आमची सून जाती. तू जा, बस."

पुढच्या दिवशी तिच्या जागी सावडीतल्या बायडाबाई गेल्या, मग आणखी कुणी. त्या दिवशी सरांच्या शेजारी जे जे वाकले होते, त्यांनी न सांगता एकेक दिवस वाटून घेतला. वृषाली आवणी संपेपर्यंत रोज अकराला माझ्यासमोर बसली. तिच्या घराचा क्रम आला तेव्हा तिचं खाचरही गावाने लावून दिलं.

ऑक्टोबरला ती पास झाली आणि नर्सिंगला गेली. पुढच्या वर्षी सरांनी आधी गावाला सावडीचा क्रम विचारला आणि मगच धड्यांच्या वेळा ठरवल्या.

आता मी थकलोय. माझ्यावरची धूळ पुसा किंवा पुसू नका, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या वर्गातली एखादी जागा रिकामी दिसली तर तिथे बसणाऱ्याला धडा जरूर पाठवा. आणि धडा पाठवण्याआधी विचारा, तो या घडीला कुणाच्या खाचरात वाकलाय, आणि त्याच्या वाटचं कोण लावील.