आबांची करंगळी

अकोल्याहून अमरावतीला निघालेली एसटी बोरगाव मागे टाकून जरा पुढे आली, तोच जुईलीने आबांची बाही ओढली. तिचे आबा, चिंतामणराव, खिडकीबाहेर मैलाचा दगड शोधू लागले.

तेरा वर्षांच्या या नातीला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. मेंदूचा निरोप मूत्राशयापर्यंत धड पोहोचत नसे; लागली की धीर म्हणून धरवत नसे. 'पाणी तोडू नका, थोडं थोडं देत राहा,' डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आज गणिताची परीक्षा, म्हणून तिच्या आजीने, कुंदाने, पोरीला सकाळपासून घोटभर पाणी दिलं नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं चिंतामणरावांना पाठ होतं. बायकोपुढे ते तोंडातून निघालं नाही, एवढंच.

आणि पाणी तोडूनही तिला लागलीच. मागच्या बाकावर वर्गातल्या दोघी, त्याच परीक्षेला निघालेल्या, चिवडा खात खिदळत होत्या. त्यांच्यासमोर कपडे ओले झाले तर पोर पुन्हा शाळेचं नाव काढणार नाही.

"आबा, मूर्तिजापूर किती लांब?"

"आलंच," ते खोटं बोलले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठावं का? काय म्हणावं? घरात या गोष्टीला शब्दच नव्हता. करंगळी दाखवायची, बस्स.

जुईलीने गुडघे आवळले. डोळे भरून आले.

चिंतामणराव उठले, झोकांड्या खात कंडक्टरपर्यंत गेले. त्यांनी करंगळी वर केली.

"काहून जी बाबा? आत्ताच त थांबलो होतो!"

"मला लागली आहे," ते म्हणाले, आणि आवाज नको तेवढा मोठा निघाला, "फार जोरात!"

अख्खी गाडी हसली. मागच्या दोघींनी तोंडावर रुमाल दाबले.

"मास्तरनं सुट्टी देली नाई का?" कोणीतरी ओरडलं.

"थांबव रे सहदेव," कंडक्टरने ड्रायव्हरला हाक दिली, "नाई त बुढेबाबा गाडी धुऊन काढतीन. पोरी, तुह्या आबाले धर, पडतीन."

जुईली त्यांना धरून उतरली आणि उंच तुरीच्या ओळींआड गेली. चिंतामणराव बाभळीकडे तोंड करून उगीच उभे राहिले. त्यांना लागलीच नव्हती.

ती परतली. कोरडी. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "आधी पाणी पी."

"आजी रागावेल."

"आजीला मी सांगतो."

"खरंच सांगाल?"

चिंतामणरावांनी झाकण उघडून बाटली तिच्या हातात ठेवली. गाडीने हॉर्न दिला. "झालं का नाई बाबा?"

जुईली सावकाश घोट घेत होती. चिंतामणरावांनी मागे वळून पुन्हा करंगळी वर केली, आणि ती पिऊन होईपर्यंत खाली घेतली नाही.