राणीच्या झग्याला आलेला वास

नाटकांचे कपडे शिवणारी ती बाई प्रवासाला निघाली की फडक्यात साबणाची वडी गुंडाळून घ्यायची. या खेपेला धाकटी नणंद सोबत होती. तिनं नाक मुरडलं.

"वहिनी, काय हे जुनाट! ओली, गिळगिळीत वडी कोण नेतं आता? ही बघ बाटली. दाबली की झालं. दोघींना पुरेल."

आणि तिनं ती बाटली मोठ्या बॅगेत कोंबली. त्याच बॅगेत नाटकातल्या राणीचा निळा मखमली झगा होता, महिनाभर डोळे फोडून शिवलेला. वहिनीनं वडी तेवढी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

नाट्यगृहामागच्या खोलीत बॅग उघडली आणि गुलाबाचा वास भपकन नाकात शिरला. बाटलीचं झाकण निसटलं होतं. नणंदेचे कपडे, टॉवेल, सगळं बुळबुळीत! वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी, मला खरंच..."

"आता बोलू नकोस. आधी पंखा लाव."

झगा जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. चादरीची वरची घडी चिंब, खालची ओलसर. वहिनीनं श्वास रोखून शेवटची घडी सोडली. मखमल कोरडी ठणठणीत! फक्त एका बाहीच्या अस्तराला तळहाताएवढा ओला डाग. तिथला रंग उतरला तर? ती पिळलेल्या फडक्यानं हलकेच टिपत राहिली. फडक्यात फेस आला, रंग मात्र नाही. मग दोघी जमिनीवर बसून, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशा बाहीकडे बघत बसल्या. बाही वाळली. डागाचा मागमूस नाही. वहिनीचा जीव भांड्यात पडला आणि तिला हसूच फुटलं.

राणीचं काम करणारी नटी झगा घालून गिरकी घेत म्हणाली, "वास काय सुंदर येतोय! अत्तर लावलंत?"

"हो, बाटलीभर," नणंद पुटपुटली.

संध्याकाळी न्हाणीघराच्या दाराआडून हाक आली, "वहिनी, ती वडी दे ना."

"कुठली गं? जुनाट?"

"दे गं बाई! किती छळशील!"

"घे. आणि अंघोळ झाली की वडी खिडकीत वाळू दे. कोरडी झाली की मग गुंडाळायची, म्हणजे गिळगिळीत होत नाही."

परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. नणंदेनं तिच्या मानेखाली आपली शाल सरकवली आणि गाव येईपर्यंत तिला उठवलं नाही.