उसन्या बाळांचे ताईत

तापाच्या साथीत मालवणच्या किनाऱ्यावर, रापणीची जाळी ठेवायच्या खोपीत बाळानंद महाराज उतरले आणि गावात पोरांचा तुटवडा पडला. नियमच तसा होता. मांडीवर पाच वर्षांखालचं मूल घेऊन बसेल, त्यालाच तापाचा ताईत. ज्यांच्या घरी लहान मूल नव्हतं ते शेजारी जाऊन उसनं मागत होते. मासे विकणाऱ्या वर्षालीचा ओंकार तर सकाळपासून इतक्या मांड्यांवर बसला होता, की आपली आई कोणती हे त्यालाही आठवेना.

"बाळात देव वसतो," महाराज सांगत. "ताईतवाल्या घरी ताप येईल तो पाहुण्यासारखा. चहा घेईल आणि जाईल."

आणि होत होतं तसंच, हीच पंचाईत. ताईत बांधलेली वर्षाली ताप येऊनही दुसऱ्या दिवशी बाजारात बसली. एकटा राहणारा, बिनताईताचा महादू मात्र अंथरुणाला खिळला. निवृत्त परशुराम मास्तरांनी नाक मुरडलं, पण त्यांच्या सावित्रीबाई ओंकारला मांडीवर घेऊन ताईत घेऊन आल्याच. आता त्या तापाने फणफणल्या होत्या, धाप लागत होती. औषधाने ताईत बाटतो असं महाराजांनी बजावलेलं, म्हणून डॉक्टरचं नाव काढलं की तोंड फिरवत. मास्तरांना राग होताच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

ते शेजारच्या कट्टा गावी डॉक्टर संचिताकडे धावले.

"लहान मुलं वर्षभर घरात सर्दी वाटत असतात," ती म्हणाली. "त्यामुळे आईच्या शरीराची जंतूंशी ओळख राहते आणि नवा ताप कदाचित हलका जातो. शिवाय आया तरुण असतात. पक्कं मलाही सांगता येणार नाही. पण असलंच तर हे रोजच्या सहवासाचं फळ, घटकाभर मूल मांडीवर घेऊन ते मिळत नाही. उलट वयस्कर माणसाला त्याच शेंबडातून दुखणं लागतं. काकूंना आधी घेऊन या."

मास्तर परतले ते थेट खोपीत.

"उसनी पोरां आणून ताईत नेलेले खंय आसत?" त्यांनी रांगेला विचारलं.

वर्षाली हळूच म्हणाली, "गुणाजी तापान पडलो हा. बाबूची म्हातारी आवस पण."

"उसन्या बाळात देव रमत नाही," महाराज घाईने म्हणाले.

"मग ताईत देताना कसो रमलो?" मास्तर अंगणवाडीच्या प्रेमलताकडे वळले. "तुझो ताईत खंय गो?"

"माका कित्याक ताईत? दिवसभर गावच्या पोरांची नाकां पुसतंय. ह्या साथीत माका नुसती सर्दी झाली."

खोपीत हशा पिकला.

"बघितलात?" मास्तर म्हणाले. "जी आपसूक बरी होणार, तेंकाच वेचून ह्या माणसान ताईत बांधले. बरी झाली की नाव ताईताचा."

महाराजांनी झोळी आवरायला घेतली. मास्तर ते बघायला थांबले नाहीत, घरी पळाले.

"सावित्री, गुणाजीच्या दंडार पण ताईत आसा. तो अजून उठाक नाय."

सावित्रीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दंड पुढे केला. मास्तरांनी ताईताची गाठ सोडली आणि त्यांना तसंच संचिताकडे नेलं.

छातीत कफ साठला होता. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं संचिता म्हणाली. बऱ्या होऊन घरी आलेल्या सावित्रीबाईंना भेटायला बायका आल्या, तेव्हा त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं.

"ताप इलो तर डॉक्टराकडे जावा. आनि पोरांका मांडयेर घेवा, पण ती आवडतत म्हणान."