या वळणावर कोणी मेलं नाही

महाराष्ट्राच्या सीमेपलीकडल्या मोहगावच्या वळणावर ब्रेकर पाहिजे, म्हणून गावानं तीन अर्ज दिले, तेव्हा कुठं सडक विभागाचा साहेब उगवला. त्याच्यासाठी मांडव टाकला होता, बशीत संत्री सोलून ठेवली होती. ती बशी पाहूनच केसरबाईचं डोकं तापलं. याच वळणावर ट्रकनं तिच्या नवऱ्याला, कवडूला, उडवलं होतं.

साहेबानं फाईल उघडली. "बाई, या वळणावर पाच वर्षांत एकही माणूस मेला नाही. रेकॉर्ड पाहूनच सांगून राहिलो. मरणं नसतील, त ब्रेकर मंजूर होत नाही."

"मंग माहा मालक का पाहुणपणाले गेला?"

"ते मेले कुठं?"

"नागपूरच्या दवाखान्यात."

"मग ते महाराष्ट्रात धरतात. आमच्याकडं फक्त जखमी."

केसरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या भागात कोणाचं डोकं फुटलं, की माणसं त्याला गाडीत घालून थेट नागपूर गाठतात. तिनंही तेच केलं होतं. पाच वर्षांत गावानं असे चार जण नेले आणि चौघांनाही चादरीत गुंडाळून परत आणलं.

साहेब संत्र्याची फोड तोंडात टाकून जीपकडं निघाला, तशी ती दाराशी आडवी उभी राहिली.

"साहेब, वळणावरून जपून जाजा. तुमची गाडी उलटली, त आमी तुमाले नागपूरले नाई नेणार. जीव जाईस्तोवर इथंच सडकेवर ठेवू. तुमच्या फाईलीत यायले पाहिजे ना!"